जिना, रूळ आणि वरची खोली

नाशिकमध्ये इंदिरानगरपासून पाथर्डी फाट्यापर्यंत रो-हाऊसच्या ओळीच्या ओळी आहेत. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि गच्ची, मध्ये अरुंद, वळणाचा जिना. ज्यांनी ही घरं चाळिशीत कर्ज काढून हौसेनं घेतली, ती माणसं आता पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहेत. अशा घरात आज ना उद्या एक वाद उभा राहतोच: म्हाताऱ्या माणसाचा मुक्काम खाली हलवायचा, की जिन्याला रुळावरून वर-खाली जाणारी खुर्ची बसवायची?

हा वाद इथे दोघांच्या तोंडी मांडला आहे. मावशी निवृत्त फिजिओथेरपिस्ट. भाचा सिव्हिल इंजिनिअर. विषय भाच्याच्या आईचा, म्हणजे मावशीच्या थोरल्या बहिणीचा. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे झिजलेले, ऑपरेशनला ठाम नकार. गेल्या पावसाळ्यात जिना उतरताना ती शेवटच्या दोन पायऱ्यांवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मुठीत पूर्वीचा जोर आला नाही.

मला मावशीची बाजू अधिक पटते, हे आधीच सांगून टाकते. तरी भाच्याच्या हरकती मी जास्त विस्तारानं दिल्या आहेत, कारण खुर्ची घेताना विचारायचे बहुतेक प्रश्न त्या हरकतींतूनच निघतात.

भाचा : मावशी, मी सगळा हिशोब करून आलोय. हॉलच्या मागच्या भागात पार्टिशन घालतो. तिथे आईचा पलंग, कपाट, एक टेबल. जिन्याखालचं टॉयलेट थोडं वाढवून कमोड बसवतो, भिंतीला धरायच्या दांड्या लावतो. पंधरा दिवसांचं काम. जिन्याचा विषयच संपला.

मावशी : जिन्याचा विषय संपेल आणि त्याबरोबर वरचं घरही संपेल. ताईचं वर काय काय आहे, सांग बघू.

भाचा : तिची खोली. गच्ची.

मावशी : एवढंच? पहाटे ती गच्चीत जाते, कुंड्यांना पाणी घालते, तिथेच कोवळ्या उन्हात बसून पेपर वाचते. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे घालायचे म्हणजे तिच्या अंगात येतं. पुस्तकांचं कपाट वर. भाऊजी गेले ती खोली वर. आणि मुख्य म्हणजे त्या खोलीला दार आहे. दुपारी ते लावून ती दोन तास एकटी असते. तुझ्या पार्टिशनमागे तिला ते मिळणार नाही. कुरिअरवाला आला, तुझे मित्र आले, मुलांनी क्रिकेट लावलं, की अंगावर नीट पदर घेऊन उठून बसायचं.

भाचा : हे सगळं मान्य आहे गं. पण पडून खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा हॉलमधला पलंग बरा. जगभरात दरवर्षी पडल्यामुळे सहा लाख चौऱ्याऐंशी हजारांच्या आसपास माणसं मरतात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे. त्यात सर्वात जास्त साठीच्या पुढची.

मावशी : म्हणूनच तिनं जिना पायी उतरू नये असं मीही म्हणते. आपलं भांडण तिथे नाहीच. मी लोकांच्या घरी जाऊन व्यायाम द्यायचे, तेव्हा ‘सध्यापुरता’ म्हणून हॉलमध्ये आणलेले पलंग खूप पाहिले. त्यातले परत वर गेलेले फार थोडे. आधी वरची खोली रिकामी राहते, मग तिथे मुलांचा अभ्यास सुरू होतो, मग जुनं सामान येतं. माणूस मात्र खालच्या बारा बाय दहात. घर त्याच्याच नावावर असतं आणि अर्धं घर त्याला दिसतही नाही.

भाचा : तू फिजिओथेरपिस्ट असून खुर्चीची बाजू घेतेस याचं मला नवल वाटतं. खुर्ची आली की आईचं चढणं-उतरणं बंद. मग पाय राहिलेत तेवढेही जातील.

मावशी : हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारला जायचा. जिना उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिप्पट-साडेतीनपट भार येतो. झिजलेल्या सांध्याला तो व्यायाम म्हणून द्यावा असा नाही. ताईला ‘चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी’ हे मीच शिकवलं. पण तिचे दोन्ही पाय दुखरे. तिनं आधी कुठला टाकायचा? मांडीचे स्नायू राखायचे तर त्याला दुसरे रस्ते आहेत. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं, पुन्हा सावकाश बसायचं. हे ती रोज करते. सपाटीवर अर्धा तास चालते. खुर्चीमुळे हे काहीच बंद होत नाही. उलट खाली-वर जाता आलं तर दिवसभरात जास्त चालणं होईल. पार्टिशनमागे काय चालणार आहे?

भाचा : बरं, मग जिन्याकडे वळू. आपला जिना मी मोजलाय. मोकळी रुंदी ऐंशी सेंटिमीटर. दुमजली रो-हाऊसला राष्ट्रीय इमारत संहिता पंचाहत्तर सेंटिमीटरही चालवून घेते, म्हणजे बिल्डरनं नियमात राहूनच बांधलं. पण त्या नियमाचा विचार चालत्या माणसापुरता आहे. या खुर्चीत माणूस पायऱ्यांना आडवं बसतं, पाठ भिंतीला, गुडघे समोर. पाठीमागच्या भिंतीपासून समोरच्या कठड्यापर्यंत जेवढी जागा, त्यात खुर्चीची पाठ, आईची मांडी आणि गुडघे मावले पाहिजेत. सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटरच्या खाली गेलं की बऱ्याच खुर्च्या बादच होतात.

मावशी : ताई चार फूट अकरा इंच. तिची मांडी आखूड.

भाचा : ते आपल्या बाजूचं आहे, खरं. पण दुसऱ्या बाजूनं तेच अडचणीचं. या खुर्च्या बहुतेक युरोपियन शरीरं डोळ्यांपुढे ठेवून बनतात. बैठक खोल असली तर तिची पाठ टेकणार नाही. पाठ टेकवली तर पाय पाटीवर पोचणार नाहीत, लोंबकळतील.

मावशी : अगदी बरोबर. पहिली अट तीच. पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे आणि पाठ टेकली पाहिजे. बैठकीची उंची बदलता येते का, पाय ठेवायची पाटी वर घेता येते का, हे रंग आणि कापड बघायच्या आधी विचारायचं. बैठक फार खाली असली की झिजलेल्या गुडघ्यांना त्यातून उठणं हीच शिक्षा. ज्यांचे गुडघे वाकतच नाहीत त्यांच्यासाठी अर्धवट उभं राहून टेकायची उंच बैठकही मिळते. ताईला ती नको, तिला तोल सांभाळायला पूर्ण बसणंच बरं.

भाचा : आता खरी अडचण. आपला जिना मध्ये पूर्ण वळतो. नऊ पायऱ्या, लँडिंग, मग उलट दिशेला पुन्हा नऊ. सरळ जिन्याचा रूळ ॲल्युमिनियमचा, तयार लांबीतून कापून बसवतात. वळणाचा रूळ आपल्या जिन्याचं माप घेऊन, पोलादी नळी वाकवून, खास आपल्यासाठी बनवावा लागतो. त्याची किंमत सरळ रुळाच्या दुपटीहून जास्त जाते. आणि उद्या नको झाला तर? सरळ रूळ कापून दुसऱ्याच्या घरी बसतो. वाकवलेला रूळ दुसऱ्या कुठल्याच जिन्याला बसत नाही, भंगारात जातो. एवढे पैसे घालून परत हातात काही येणार नाही.

इथे थोडं थांबून एक सांगावंसं वाटतं. हे यंत्र आपल्याकडे आलं ते इंग्लंड-अमेरिकेतल्या घरांचा आकार पोटात घेऊन. पेन्सिल्वेनियातले सी. सी. क्रिस्पेन यांनी 1920च्या दशकात जिन्यावर चढणारी खुर्ची बनवली, ती वरच्या खोलीत अडकून पडलेल्या आजारी मित्राला खाली येता यावं म्हणून. ब्रिटनमध्ये स्टॅना ही लिफ्ट बनवणारी जुनी कंपनी 1975मध्ये या धंद्यात आली. तिथल्या असंख्य घरांत भिंतीला लागून एक सरळ जिना असतो, झोपायच्या खोल्या आणि बाथरूम वर असतात. खाली राहायला जावं तर खाली बाथरूमच नसतं. त्यामुळे खुर्ची ही तिथे सर्वसामान्य माणसाच्या घरातली वस्तू झाली. इंग्लंडमध्ये अपंगत्व आलेल्या माणसाच्या घरात असे बदल करायला स्थानिक परिषद तीस हजार पौंडांपर्यंत अनुदान देऊ शकते, आणि ते देण्याआधी ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येऊन त्या माणसाला आणि घराला तपासतो. आपल्याकडे जिना वळणाचा, अनुदान नाही, आणि घरी येऊन माप घेणारा माणूस विकणाऱ्याचाच. म्हणून भाच्यासारखा हरकती घेणारा कुणीतरी घरात हवा असं मला मनापासून वाटतं.

मावशी : पैसे परत येणार नाहीत, कबूल. तुझं पार्टिशन आणि वाढवलेलं टॉयलेट तरी कुठे विकता येणार आहे? आणि पैसे ताईचे आहेत रे. पेन्शन तिची, मुदतठेवी तिच्या. त्यातले काही तिच्या स्वतःच्या गच्चीवर जाण्यासाठी लागले तर ते वाया गेले असं मी म्हणणार नाही.

भाचा : पैशाचं सोडतो. ते बोलायला नको होतं असं नाही, पण सोडतो. पण जिना सगळ्यांचा आहे. रूळ पायरीची पाच-सहा इंच रुंदी कायमची खाणार. खुर्ची मिटवून ठेवली तरी फूट-सव्वा फूट जागा अडवते. मुलं धावत उतरतात. मी रात्री अंधारात उतरतो. एकाची सोय करताना बाकीच्यांनी पडायचं?

मावशी : म्हणून खुर्ची जिन्यात उभी ठेवायचीच नाही. वळणाच्या रुळाचा हाच फायदा. तो खालच्या टोकाला कोपऱ्यावरून वळवून भिंतीकडे नेता येतो, खुर्ची तिथे जाऊन थांबते आणि पायऱ्या मोकळ्या राहतात. तसंच वरच्या टोकाला.

भाचा : खालच्या टोकाला टॉयलेटचं दार आहे. पहिल्या पायरीच्या पुढे रूळ फूटभर तरी जमिनीवर येणार. दार उघडणार नाही.

मावशी : दार बाहेर उघडतं ते सरकतं कर. ते तसंही करायला हवं. आत कुणी पडलं तर दार अडकतं म्हणून ते आत उघडणारं नको, आणि बाहेर उघडणारं जिन्यात येतं. सरकतं दार लाव, दोन्ही प्रश्न सुटतील.

भाचा : हं. हे करता येईल. आता रूळ कुठल्या बाजूनं? आतल्या, कठड्याच्या बाजूनं घेतला तर लांबी कमी, पैसे थोडे कमी, पण वळण अगदी आवळलेलं, आणि चालणाऱ्यांचा कठडाच अडतो. बाहेरच्या, भिंतीच्या बाजूनं घेतला तर रूळ लांब, लँडिंगवर पूर्ण फिरून जातो, पण कठडा चालणाऱ्यांना मोकळा.

मावशी : बाहेरच्या बाजूनं.

भाचा : इतकं सहज नाही ते. लँडिंगवर भिंतीत खिडकी आहे, तिची पट्टी पुढे आलेली आहे. शिवाय पायऱ्या. लोकांना वाटतं रूळ भिंतीला टांगलेला असतो. तो भिंतीला नसतोच, त्याचे पाय पायऱ्यांवर बोल्टनं बसतात. आपल्या पायऱ्यांना ग्रॅनाइट आहे. काठापाशी भोक पाडलं तर तडा जाईल, आणि फरशीखाली मसाला पोकळ असला तर बोल्ट नुसता फरशीला धरून बसेल. त्याला खालचं काँक्रीट लागलं पाहिजे.

मावशी : हे कोण तपासणार?

भाचा : मीच. एकेक पायरी वाजवून पाहिली तर पोकळ कुठे आहे ते कळतं. तिथे ग्रॅनाइट काढून पुन्हा भरीव बसवावं लागेल. जुन्या वाड्यातल्या लाकडी जिन्याला तर मी हे हातच लावू देणार नाही, फळ्या आणि खालचा सांगाडा आधी कुणी जाणत्यानं पाहिल्याशिवाय.

मावशी : बघ, तू आता बसवण्याबद्दल बोलायला लागलास.

भाचा : मी बसवताना काय चुकेल त्याबद्दल बोलतोय. विजेचं घे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते?

मावशी : ही बॅटरीवर चालते. ताईनंही हेच विचारलं होतं, मध्येच वीज गेली आणि मी लँडिंगवर अडकले तर? घरातल्या साध्या प्लगवर चार्जर असतो, पण मोटर चालते बैठकीखालच्या बॅटऱ्यांवर, चोवीस व्होल्टच्या. वीज गेली तरी काही फेऱ्या होतात.

भाचा : होतात, पण कधी? खुर्ची रुळाच्या ठरलेल्या जागी थांबली तरच चार्जिंग होतं. बहुधा दोन टोकांना. कुणी ती मध्येच सोडली तर बॅटऱ्या हळूहळू उतरतात. मुलांना हे बजावून ठेवावं लागेल. शिवाय दर काही वर्षांनी बॅटऱ्या बदलाव्या लागतात, तो खर्च कुणी आधी सांगत नाही. आणि बॅटरी अगदीच संपली तर हातानं चाक फिरवून खुर्ची खाली आणायची सोय त्या यंत्रात आहे का, ते घरातल्या कुणाला करता येईल का, हे प्रत्यक्ष करून दाखवायला सांगायचं.

मावशी : सांगायचं. मी तर म्हणते, ते सूनबाईंना करून बघायला लावायचं. दुपारी घरात त्याच असतात.

भाचा : बिघडल्यावर काय? बरीचशी यंत्रं बाहेरून येतात. रुळाच्या दात्यांवर फिरणारं चाक, सर्किटची पाटी, असं काही गेलं तर सुटा भाग कुठून येणार, किती दिवसांत? मुंबईतून माणूस यायचा तर आई तोवर वर की खाली?

मावशी : हा तुझा सर्वात वजनदार प्रश्न आहे, आणि याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते विकणाऱ्यानं लेखी दिलं पाहिजे. नाशिकमध्ये दुरुस्तीचा माणूस आहे का, वार्षिक देखभालीत बॅटऱ्या धरल्या आहेत का, सुटे भाग भारतात ठेवलेले असतात का. नुसतं ‘लगेच येतो’ चालणार नाही. आणि आधी बसवलेलं एखादं घर दाखवा म्हणायचं, जिथे तीन-चार वर्षं खुर्ची चालू आहे. तिथल्या माणसांशी विकणाऱ्याला वगळून बोलायचं.

भाचा : एवढ्यापेक्षा सरळ घरात लिफ्ट का नको? ती तरी उद्या व्हीलचेअर लागली तरी चालेल.

मावशी : स्लॅब फोडायला तू तयार आहेस?

भाचा : तशी जागा फक्त स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे, आणि तिथून बीम जातो. शिवाय लिफ्टसाठी सरकारी उद्वाहन निरीक्षकाची परवानगी, तपासणी. नाही, आपल्या घरात लिफ्ट बसत नाही. पण तू प्रश्न टाळलास. व्हीलचेअर लागली तर?

मावशी : टाळत नाही. ही खुर्ची कुणाला उपयोगाची नाही ते मी स्पष्टच सांगते. ज्याला आधार दिल्यावरही उठून, वळून, बसता येत नाही त्याला ही खुर्ची निरुपयोगी. तिच्यावर बसायला आणि तिच्यावरून उठायला यावंच लागतं, खाली एकदा, वर एकदा. ज्याचा बसल्या जागी तोल जातो त्याला नको. स्मृतिभ्रंश वाढलेल्या माणसाला नको, कारण अर्ध्या वाटेत पट्टा सोडून उठायचा प्रयत्न होऊ शकतो. पार्किन्सन्स झपाट्यानं वाढत असेल तर दहादा विचार करायचा. ताईला यातलं काही नाही. तिचे गुडघे आणि मनगट सोडलं तर ती ठणठणीत आहे. आणखी सहा-सात वर्षं तिला ही खुर्ची वापरता येईल असा माझा अंदाज आहे. पण हे आता केलं तर. आणखी दोनदा पडेपर्यंत वाट पाहिली, आणि ती घाबरून अंथरुणाला धरून बसायला लागली, तर मग मीच तुला सांगेन की पार्टिशन घाल.

भाचा : मनगट. त्याचा विचार केलास का? वर पोचल्यावर खुर्ची जिन्याकडून लँडिंगकडे फिरवावी लागते, म्हणजे उतरताना पाठ जिन्याकडे राहते. ती फिरवायची कळ दाबून बैठक ढकलायची. पायाची पाटी वाकून मिटवायची. पट्ट्याचं बक्कल दाबायचं. हे सगळं उजव्या हातानं?

मावशी : म्हणूनच तिला मोटरवर फिरणारी बैठक हवी आणि हाताच्या दांडीवरून उघड-मीट होणारी पाटी. हे जादा पैसे मागतात, पण तिच्या बाबतीत ते चैनीचे नाहीत. चालवायचा खटका डाव्या हाताशी बसवायला सांगायचं. आणि तो दाबून धरला तरच खुर्ची चालते, सोडला की थांबते, हे फार चांगलं आहे. घाबरली तर तिला काही आठवायची गरज नाही, हात सोडला की झालं. पायाच्या पाटीच्या कडेला काही अडलं, कुणाची चप्पल पडलेली असली, तरी ती थांबते. विकत घेण्याआधी हे मी स्वतः चप्पल ठेवून पाहणार आहे.

भाचा : आणि साडी? दाते असलेला रूळ, त्यावर फिरणारं चाक, आणि आईच्या निऱ्या.

मावशी : दाते बहुधा रुळाच्या खालच्या किंवा आतल्या अंगाला असतात. तरी पदर सोडून बसायचं नाही, खोचून बसायचं. हिवाळ्यातल्या शालीचंही तेच. पहिले आठ दिवस मी रोज येईन. बसायचं कसं, आधी पाठ टेकवून मग पट्टा, मग पाय, हे शरीराच्या सवयीत गेलं पाहिजे. ती शिकेल. मोबाईलवर मनीऑर्डर... अरे, ते यूपीआय की काय, ते ती माझ्याआधी शिकली.

भाचा : वेगाबद्दल तिची तक्रार होणार. युरोपियन मानकानुसार सेकंदाला पंधरा सेंटिमीटर ही वेगाची कमाल मर्यादा, वळणावर त्याहून कमी. आपला रूळ सातेक मीटरचा होईल. म्हणजे एका बाजूला मिनिटभर.

मावशी : आत्ता तिला किती लागतं ते तू घड्याळ लावून पाहिलंयस का कधी? प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणते, लँडिंगवर श्वास घ्यायला थांबते. मिनिट तिला जास्त वाटणार नाही.

भाचा : ती एक बॅटरीची चढणारी गाडी असते ना, व्हीलचेअर पायऱ्यांवरून नेणारी? तिला रूळ लागत नाही, जिना मोकळा राहतो.

मावशी : ती चालवायला शिकलेला, अंगात जोर असलेला माणूस लागतो, प्रत्येक वेळी. ताईला पहाटे साडेपाचला गच्चीवर जायचं असतं. कुणाला उठवायचं? तिनं कुणाला उठवू नये, विचारू नये, आणि तरी ती जावी, एवढ्याचसाठी मी भांडतेय.

या वाक्यावर दोघंही थोडा वेळ काही बोलले नाहीत, असं मी इथे लिहिलं तर ते खोटं ठरणार नाही. मला स्वतःला या सगळ्या वादात हेच वाक्य धरून ठेवावंसं वाटतं. पायपाटी, बॅटरी, रुळाचं वळण यांची निवड याच्या मागून येते. घरात कुणाला न उठवता ती व्यक्ती दिवसातून कुठे, कधी, कशासाठी जाते, हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांनी अजून दुकानात जाऊ नये.

भाचा : ठीक आहे. पण एक काम मी उद्याच सुरू करणार, खुर्ची येवो न येवो. जिन्याला आपल्याकडे एकाच बाजूला कठडा असतो, भिंतीची बाजू कोरीच. भिंतीला खालपासून वरपर्यंत गोल दांडी लावतो, मुठीत मावेल अशी, दीड इंच जाडीची. लँडिंगवरही तोडायची नाही. आणि पायऱ्यांच्या काठाला खरखरीत, उठून दिसणारी पट्टी. खाली-वर दोन्हीकडे बटण असलेला दिवा. आई त्या संध्याकाळी पडली तेव्हा लँडिंगवरचा दिवा गेलेला होता.

मावशी : हे आधी करायला हवं होतं. पण थांब, भिंतीला दांडी लावलीस तर माझा रूळ भिंतीच्या बाजूनं कसा येणार?

भाचा : तोच तर मुद्दा. एका भिंतीवर दोन्ही मावणार नाहीत. दांडी भिंतीला हवी असेल तर रूळ आतून घ्यावा लागेल, आणि मग कठडा अडतो.

मावशी : चालणाऱ्या माणसाला एका बाजूचा तरी आधार अखंड मिळाला पाहिजे. रूळ भिंतीकडून घे, आणि कठड्याची लाकडी दांडी जाड आहे, मुठीत येत नाही, तीच बदलून गोल कर. खुर्ची बसेपर्यंत भिंतीला तुझी दांडी राहू दे. तोवर ताई पायीच उतरणार आहे ना?

भाचा : लावून पुन्हा काढायची?

मावशी : दोन-तीन महिन्यांसाठी का होईना, लावायची. खास बनवलेला रूळ यायला वेळ लागणार. त्या दिवसांत ती पडली तर?

भाचा : बरं. दोन्ही बाजूंच्या रुळाचे दर मागवतो, आतला आणि भिंतीकडचा. माप घ्यायला येतील तेव्हा मी घरी थांबतो. आगाऊ रक्कम द्यायच्या आधी आई प्रत्यक्ष खुर्चीत बसून पाहील, साडीत, तिच्या रोजच्या चपलेसकट. आणि तिला नकोच वाटलं तर?

मावशी : तर तुझं खालचं काम. पण पार्टिशन नको, विटांची भिंत, आतून कडी लागणारं दार आणि खिडकी. खोली म्हणता येईल अशी खोली.

भाचा : खिडकीसाठी मागची भिंत फोडावी लागेल. ती सामाईक नाही, मागच्या अंगणात उघडेल. करता येईल. कुंड्याही तिथे आणता येतील, ऊन मात्र दुपारचंच मिळेल.

मावशी : मग त्याचाही खर्च काढ. दोन्ही कागद रविवारी तिच्यापुढे ठेवू, आणि ऊन दुपारचंच मिळेल हेही त्या कागदावर लिही.